तरुण स्टार्टरच्या हातावरचं ओझं: वर्षभराचं गणित

बेसबॉलमध्ये सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात, आणि इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव, सामन्यात असे नऊ; १/३ म्हणजे त्यातला एक बाद. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये गॅरेट क्रोशेने २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्सकडून ३२ सामन्यांची सुरुवात केली आणि इनिंग्ज टाकल्या फक्त १४६. सामन्यामागे साडेचार. स्टीफन स्ट्रॅसबर्गने २०१२ साली वॉशिंग्टन नॅशनल्सकडून २८ सामने सुरू केले, १५९ १/३ इनिंग्ज टाकल्या आणि ७ सप्टेंबरच्या सामन्यानंतर क्लबने त्याला बसवलं. दोघांच्याही कोपरावर आधी टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवणं) झालेली होती, दोघांनाही मर्यादा घातलेली होती आणि वर्षअखेरीचे आकडेही फार लांबचे नाहीत. तरी ही दोन अगदी वेगळी वर्षं आहेत. क्रोशेचं काम उत्तरार्धात लहान होत गेलं, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू राहिलं. स्ट्रॅसबर्गचं काम पूर्ण वेगाने चाललं आणि एका दिवशी थांबलं. त्या वर्षी नॅशनल्सनी ९८ सामने जिंकले होते. ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत, डिव्हिजन सिरीजच्या पाचव्या सामन्यात ६-० अशी आघाडी घेऊनही ते सेंट लुइस कार्डिनल्सकडून ९-७ ने हरले, तेव्हा त्यांचा सर्वांत चांगला पिचर डगआउटमध्ये बसून होता.

स्ट्रॅसबर्गला थांबवायला हवं होतं की नाही, यावर अजूनही वाद होतात. माझ्या मते मर्यादा योग्य होती, वेळापत्रक चुकलं. साधारण १६० इनिंग्ज मिळणार हे फेब्रुवारीतच ठाऊक होतं, तर त्या एप्रिल ते ऑक्टोबर अशा पसरवता आल्या असत्या. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जनी क्रिस मेडलेनला, जो २०१० च्या शस्त्रक्रियेतून परतला होता, जुलै संपेपर्यंत बुलपेनमध्ये (सामन्याच्या मध्ये येणाऱ्या राखीव पिचरांत) ठेवलं आणि मग रोटेशनमध्ये (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्यांत) आणलं. त्याने १२ सामने सुरू केले, एकूण १३८ इनिंग्ज टाकल्या आणि ऑक्टोबरमध्येही तो उपलब्ध होता. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की मार्च २०१४ मध्ये मेडलेनच्या कोपरावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली, आणि ज्याला ‘वाया घालवलं’ असं म्हटलं गेलं तो स्ट्रॅसबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. नियोजन चांगलं असेल तर शक्यता आपल्या बाजूला थोडी झुकते, एवढंच. पण ते ‘थोडं’ एखाद्या पोराच्या कारकिर्दीची तीन-चार वर्षं असू शकतं, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

कोपराला इनिंग कळत नाही. त्याला कळतो चेंडू, आणि तो टाकताना आजूबाजूच्या स्नायूंत किती जोर शिल्लक होता ते.

चेंडू सुटण्याच्या ऐन आधी, हात पूर्ण मागे वळलेला असताना, कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. बर्मिंगहॅम, अलाबामा येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या ग्लेन फ्लायसिग यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेलं हे मोजमाप आहे. आतल्या बाजूने कोपर धरून ठेवणारा अस्थिबंध, ज्याला यूसीएल म्हणतात, तो प्रयोगशाळेत एकटा तपासला तर साधारण ३२ ते ३४ न्यूटन-मीटरला तुटतो. म्हणजे प्रत्येक जोराच्या फास्टबॉलला जेवढा पीळ पडतो, त्याच्या निम्माच तो स्वतःच्या बळावर सोसू शकतो. उरलेला भार कोपराखालच्या आतल्या बाजूचे स्नायू उचलतात, बोटं मिटणारे आणि तळहात पालथा करणारे. हे स्नायू थकले की अस्थिबंधाच्या वाट्याला जास्त भार येतो. शिवाय स्नायू दोन-तीन दिवसांत ताजा होतो, पण अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्याची झीज फार हळू भरून येते. एकवीस वर्षांचा मुलगा ताशी ९८ मैलांचा चेंडू टाकू शकतो, याचा अर्थ त्याचे पाय, पाठ आणि खांदा तयार आहेत. कोपरातली ती लहानशी पट्टी तयार आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

याच संस्थेचा २००६ चा एक अभ्यास आहे. कोपर किंवा खांद्याची शस्त्रक्रिया करावी लागलेले ९५ किशोरवयीन पिचर आणि न दुखावलेले ४५ यांची त्यात तुलना केली होती. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट निघाली. सामन्यात सरासरी ८० च्या वर चेंडू टाकणाऱ्यांत चौपट. हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांत मात्र ३६ पट. बाकी सगळे धोके एका बाजूला आणि हा एक दुसऱ्या बाजूला ठेवला तरी चालेल, इतकं हे अंतर मोठं आहे. पुढचं सगळं नियोजन मी याच आकड्याकडे बघून करतो.

जुने नियम कुठून आले ते थोडक्यात पाहू. शिकागो कब्जच्या मार्क प्रायरने २००३ साली, बावीस-तेवीसच्या वयात, २११ १/३ इनिंग्ज टाकल्या आणि त्याची सामन्यामागची सरासरी ११३ चेंडूंच्या वर होती. २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. (२००५ मध्ये एक सरळ फटका येऊन त्याचं कोपर मोडलं होतं. तो भाग वर्कलोडच्या, म्हणजे कामाच्या ओझ्याच्या, खात्यात टाकता येत नाही.) त्याच्या आधीच, १९९८ मध्ये, बेसबॉल प्रॉस्पेक्टसच्या रॅनी जझायर्ली यांनी ‘पिचर अब्यूज पॉइंट्स’ मांडले होते. त्याच्या सुधारित रूपात शंभराच्या वरच्या चेंडूंचा घन करतात. ११० चेंडूंना १,००० गुण, १३० चेंडूंना २७,०००. शेवटचे दहा-वीस चेंडू आधीच्यांपेक्षा कितीतरी महाग असतात, ही त्यातली कल्पना बरोबर होती. पण रेषा सगळ्यांसाठी शंभरावरच आखली होती. एखाद्याचा हात ७८ ला थकतो, एखाद्याचा ११० ला.

दुसरा नियम स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या टॉम व्हर्डुची यांच्या नावाने चालतो: पंचविशीच्या आतल्या पिचरच्या इनिंग्ज एका वर्षात ३० पेक्षा जास्त वाढवू नयेत. नंतर ज्यांनी आकडेवारी तपासली त्यांना हा नियम दुखापतीचं भाकीत म्हणून टिकलेला दिसला नाही. ख्रिस सेल २०११ मध्ये ७१ इनिंग्जवरून २०१२ मध्ये थेट १९२ वर गेला, आणि त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली ती २०२० मध्ये. तरी बहुतेक क्लब आजही २५ ते ३५ इनिंग्जच्या आसपासची वाढ धरतात, आणि कुंपण म्हणून ते ठीक आहे. पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सचे आकडे पाहा. २०२३ मध्ये एलएसयू या विद्यापीठासाठी १२२ २/३ आणि ड्राफ्टनंतर (क्लबांनी नवे खेळाडू निवडल्यावर) व्यावसायिक बेसबॉलमध्ये ६ २/३, मिळून १२९ १/३. २०२४ मध्ये ट्रिपल-एला (मेजर लीगच्या लगेच खालची मायनर लीग) २७ १/३ आणि मेजर लीगमध्ये १३३, मिळून १६० १/३. २०२५ मध्ये १८७ २/३. आधी ३१ ची वाढ, मग २७ ची. ११ जुलै २०२४ रोजी मिलवॉकीविरुद्ध सात इनिंग्ज एकही हिट (यशस्वी फटका) न देता, ११ स्ट्राइकआउट्स (तीन स्ट्राइकवर बाद) घेऊन, ९९ चेंडूंवर त्याला काढलं तेव्हा प्रेक्षक चिडले. मला तो निर्णय पूर्ण पटतो. उरलेल्या दोन इनिंग्जना किमान २५-३० चेंडू लागले असते, आणि तेही त्या दिवसातले सर्वांत थकलेले.

आता मोजायचं काय.

सामन्याचा पिच काउंट, म्हणजे टाकलेल्या चेंडूंची मोजणी, ही सुरुवात. त्यात एका इनिंगमध्ये २५ च्या वर चेंडू गेले का, याची वेगळी नोंद हवी, कारण मध्ये न बसता टाकलेले तीस चेंडू हे तीन इनिंग्जमध्ये विभागलेल्या तीस चेंडूंपेक्षा जड पडतात. धावपटू बेसवर असताना पिचर आणखी जोर लावतो, त्यामुळे ९० चेंडूंचे दोन सामने सारखे नसतात. सहा शांत इनिंग्जचे ९० वेगळे आणि चार ओढाताणीच्या इनिंग्जचे ९० वेगळे. माझ्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या सामन्यानंतर एक दिवस जास्त विश्रांती लिहिलेली असते.

मग न मोजलेले चेंडू. सामन्याआधी बुलपेनमध्ये, म्हणजे हात गरम करायच्या जागी, ३० ते ३५, प्रत्येक इनिंगआधी मैदानावर पाच ते आठ. सहा इनिंग्ज आणि ९० चेंडूंचा सामना म्हणजे प्रत्यक्षात १६० च्या आसपास फेकी. उत्तर फ्लोरिडातल्या हायस्कूल सामन्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात सामन्याच्या दिवशी पिचरच्या उंचवट्यावरून टाकलेल्या चेंडूंपैकी ४२ टक्के अधिकृत पिच काउंटमध्ये धरलेलेच नव्हते. याशिवाय मधल्या दिवसांची बुलपेन सत्रं (उंचवट्यावरून सराव) आणि लाँग टॉस (लांबून फेकण्याचा सराव) असतात. ‘आज हलक्या हाताने टाक’ असं सांगितलं की ताणही निम्मा होतो, असं बरेच कोच धरून चालतात. तसं होत नाही. पिचरला आपण अर्ध्या जोराने टाकतोय असं वाटतं तेव्हाही कोपरावरचा पीळ अर्ध्यापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे मधल्या दिवसाचं ओझं ‘हलकं’ एवढंच न लिहिता चेंडूंची संख्या आणि मोजलेला वेग, दोन्ही लिहावं.

आठवड्याच्या चढउतारासाठी एक गुणोत्तर वापरतात: गेल्या सात दिवसांचं काम भागिले गेल्या २८ दिवसांची आठवड्यामागची सरासरी. खेळाच्या संशोधनात ते गाजलं त्यात एक मोठा वाटा क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांवरच्या २०१४ च्या अभ्यासाचा होता, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकांना ते ओळखीचं असेल. ०.८ ते १.३ च्या दरम्यान असावं आणि १.५ च्या वर गेलं तर सावध व्हावं, असं सांगितलं जातं. या गणिताच्या पद्धतीवर संख्याशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत, आणि ‘१.५ झालं म्हणजे दुखापत होणार’ असं ते कधीच सांगू शकत नाही. मी ते फक्त घंटी म्हणून वापरतो: या आठवड्यात हाताने गेल्या महिन्याच्या सवयीपेक्षा बरंच जास्त केलं आहे, थांब आणि बघ.

आता प्रत्यक्ष वर्ष मांडू. समजा पिचर २१ वर्षांचा आहे, गेल्या वर्षी त्याने सगळं धरून ९५ इनिंग्ज टाकल्या. इनिंगला साधारण साडेसोळा चेंडू धरले तर १,५७० च्या आसपास. यंदा सत्तावीस-अठ्ठावीस टक्के वाढ धरून २,००० चेंडूंचं लक्ष्य ठेवू. पाच जणांच्या रोटेशनमध्ये पूर्ण मोसमात एकाला ३२ पाळ्या मिळतात. २,००० भागिले ३२ म्हणजे पाळीमागे ६२ चेंडू, आणि एवढ्यावर कुठलाही मॅनेजर रोज बुलपेन झिजवणार नाही. म्हणून पाळ्याच कमी करायच्या. एप्रिलमध्ये पाच सामने, प्रत्येकी ७५ ची मर्यादा: ३७५. मे-जूनमध्ये सहाव्या दिवशी एक, त्यातली एखादी पाळी सोडून नऊ सामने, प्रत्येकी ८८: ७९२. जुलैमध्ये दोन सामने, ८५ प्रमाणे १७०. मग मोसमाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सुट्टीला जोडून बारा-चौदा दिवसांची मोकळीक. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठवड्याला एक असे आठ सामने, ८३ प्रमाणे ६६४. बेरीज २,००१, सामने २४.

संघ ऑक्टोबरमध्ये खेळेल अशी शक्यता असेल तर तीन सामन्यांचे अडीचशे चेंडू आधीच बाजूला काढून ठेवायचे, आणि ते काढायचे एप्रिलमधून. स्प्रिंग ट्रेनिंगची (मोसमाआधीच्या सरावाची) तयारीच तीन आठवडे उशिरा सुरू केली, की पहिले तीन सामने आपोआप जातात आणि त्या अडीचशेपैकी २२५ चेंडू वाचतात. एप्रिलमधला सामना आणि सप्टेंबरमधला सामना गुणतक्त्यात सारखेच मोजले जातात, हे खरं. पण सप्टेंबरमध्ये आपण कुठे उभे आहोत ते कळलेलं असतं, म्हणून वाचवलेले चेंडू तिथे जास्त उपयोगी पडतात.

यात नियमांच्या अडचणी येतात. २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३. सहावा स्टार्टर आणला की बुलपेनमधला एक माणूस कमी होतो, आणि नेमके त्याच आठवड्यात तरुण स्टार्टर पाचव्या इनिंगमध्ये बाहेर येत असतात. मायनर लीगला पाठवलेल्या पिचरला, संघात कोणी दुखावल्याशिवाय, १५ दिवस परत बोलावता येत नाही. म्हणून ऑल-स्टार सुट्टीच्या लगेच आधी पाठवणं सगळ्यात स्वस्त पडतं: पंधरा दिवस भरतात आणि पाळ्या कमी बुडतात. एक गोष्ट मात्र क्लबांनी स्पष्ट बोलावी असं मला मनापासून वाटतं. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष, आणि त्यावर पोराचा पुढचा सगळा पैसा ठरतो. हाताची काळजी हे कारण देऊन सेवेचे दिवस कापले, तर तो खेळाडू पुढच्या वेळी हात दुखतोय हे सांगणार नाही. आणि त्याने वेळेवर सांगणं, यावरच सगळं नियोजन उभं आहे.

सहा दिवसांचं चक्र साधारण असं चालतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी फेक नाही किंवा अगदी जवळून दहा मिनिटं, पायांचा व्यायाम आणि मोजणी. तिसऱ्या दिवशी ९० ते १२० फुटांवरून कॅच, म्हणजे जोडीदाराबरोबर फेकाफेक. चौथ्या दिवशी बुलपेन, २० ते ३० चेंडू, आणि आधीच्या सामन्यात ९५ च्या वर गेले असतील तर १५. पाचव्या दिवशी हलका कॅच, सहाव्या दिवशी जवळजवळ काहीच नाही, मग सामना. पाच दिवसांच्या चक्रात तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं काम एकत्र येतं, बाकी फरक नाही.

मोजणीला पाच मिनिटं लागतात आणि तिच्याइतकी उपयोगी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. खांदा आत आणि बाहेर किती अंश फिरतो त्याची बेरीज दोन्ही हातांना जवळपास सारखी हवी. टाकणाऱ्या हाताची बेरीज पाच अंशांहून जास्त कमी झाली की लक्ष द्यायचं. हाताच्या मुठीची पकड यंत्रावर मोजायची, कारण कोपर सांभाळणारे स्नायू बोटं मिटणाऱ्यांपैकीच आहेत. पकड त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा सामन्यानंतर तिसऱ्या दिवशीही स्पष्ट कमी असेल, तर चौथ्या दिवसाचं बुलपेन रद्द. आणि एक प्रश्न रोज त्याच शब्दांत विचारायचा: कोपराखाली आखडल्यासारखं वाटतंय का? तिथे आखडणं ही बऱ्याचदा यूसीएलच्या तक्रारीची पहिली खूण असते. उत्तर ‘हो’ असेल तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. त्याला फिजिओकडे आणि गरज वाटल्यास डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यायचं.

सामना चालू असताना काढायचं केव्हा? वेग हे सगळ्यांना दिसणारं चिन्ह, पण ते उशिरा येतं. तरुण पिचर थकल्यावर जास्त जोर लावून दोन इनिंग्ज वेग तसाच ठेवतो, आणि याच दोन इनिंग्ज धोक्याच्या असतात. आधी बदलते ती चेंडू सोडण्याची जागा. २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांवर हॉक-आय कॅमेरे आहेत, त्यात ती इंचांमध्ये दिसते. पहिल्या दोन इनिंग्जच्या सरासरीपेक्षा हात दोन-तीन इंच खाली आला आणि तो सलग पाच-सहा चेंडू तसाच राहिला, तर बुलपेनला फोन करावा. कॅमेरा नसेल तर कॅचरला (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याला) विचारावं. फास्टबॉल वर आणि पिचरच्या हाताच्या बाजूला निसटायला लागतात, स्लायडर वळायच्या ऐवजी मधेच लोंबकळतो, पुढचा पाय पडायच्या आधीच छाती उघडते. पूर्वी थकलेला पिचर उंचवट्याभोवती फेरी मारून वेळ काढायचा. २०२३ पासून पिच क्लॉक (पुढचा चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आल्यावर ती खूण गेली, आणि दम घ्यायची ती सोयही गेली. म्हणून एकाच इनिंगमध्ये २५ चेंडू झाले की कोचने उंचवट्यावर एक फेरी मारावी, ३० झाले की त्याला काढावं. धावफलकावर काय आहे ते न बघता. पाऊस आला आणि खेळ तासभर थांबला तर पुन्हा गरम करून आणू नये. दुसऱ्यांदा गरम होण्याचे ते तीस-चाळीस चेंडू कुठल्याच पिच काउंटमध्ये धरले जात नाहीत.

सगळ्यात जास्त चुका मोकळीक दिल्यावर होतात. दोन आठवडे सुट्टी दिली आणि पंधराव्या दिवशी ९० चेंडूंचा सामना दिला, तर आपण वाचवलेलं सगळं त्या एका दिवशी उधळतो. हाताला सवयच राहिलेली नसते. मोकळीक म्हणजे सामन्याची सुट्टी, फेकीची नव्हे: पहिले चार दिवस पूर्ण आराम, मग कॅच, मग दोन बुलपेन सत्रं ३०-३५ चेंडूंची, शक्य असल्यास दुसऱ्या सत्रात फलंदाज उभे करून, आणि परतीचा पहिला सामना ६५-७० वर बंद.

कमी काम देणं म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही मानू नये. रोकी सासाकी ओफुनातो हायस्कूलमध्ये असताना, २१ जुलै २०१९ रोजी १२ इनिंग्जमध्ये १९४ चेंडू टाकून गेला आणि २४ जुलैच्या उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्या दिवशीच्या इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षकाने त्याला खेळवलं नाही. संघ १२-२ ने हरला, कोशिएनचं, म्हणजे राष्ट्रीय शालेय स्पर्धेचं, स्वप्न संपलं आणि प्रशिक्षकावर खूप टीका झाली. तो निर्णय धाडसाचा आणि योग्य होता. चिबा लोट्टे मरीन्सनीही त्याला २०२० मध्ये सामन्यांत उतरवलं नाही, आणि १० एप्रिल २०२२ च्या परफेक्ट गेमनंतर (एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न दिलेला सामना) पुढच्याच सामन्यात आठ परफेक्ट इनिंग्जनंतर १०२ चेंडूंवर काढलं. पण जपानमधल्या त्याच्या सर्वांत मोठ्या मोसमातही इनिंग्ज १२९ १/३ च होत्या. लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आला, आणि २०२५ च्या मे महिन्यात खांद्याच्या दुखण्याने बाहेर गेला. जपताना पायाही वाढवत न्यावा लागतो. क्लेटन कर्शॉचे मेजर लीगमधले पहिले चार मोसम वाढीचा नमुना म्हणून बघावेत: १०७ २/३, १७१, २०४ १/३, २३३ १/३.

आणि सगळं नीट करूनही हात जातो. मायामी मार्लिन्सनी २०२३ मध्ये वीस वर्षांच्या युरी पेरेझला मेजर लीगमध्ये १९ सामन्यांत फक्त ९१ १/३ इनिंग्ज दिल्या, मोसमाच्या मध्यावर ओझं कमी करायला मायनर लीगच्या डबल-एला परतही पाठवलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. इनिंग्जचा हिशोब ठीक होता, पण तो प्रत्येक चेंडू ९७-९८ मैलांनी टाकत होता. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यात हेच मुख्य कारण म्हणून पुढे येतं: २००८ मध्ये फोर-सीम फास्टबॉलचा सरासरी वेग ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने टाकायची सवय आणि हिवाळ्यात वेग वाढवण्याचे कार्यक्रम यांकडेही त्यात बोट दाखवलं आहे. म्हणून तरुण स्टार्टरला आठव्या-नवव्या क्रमांकाच्या फलंदाजाला ९४ ने टाकायला शिकवणं हाही वर्कलोडचाच भाग आहे. दोन स्ट्राइक झाल्यावर आणि धावपटू दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर असताना ९८ काढावा, बाकी वेळ तीन मैल खाली. मुलं सुरुवातीला ऐकत नाहीत, कारण ज्या वेगाने ती ड्राफ्ट झाली तोच वेग कमी करायला आपण सांगत असतो. वाद घालण्यापेक्षा त्यांना त्यांचेच ९४ चे आणि ९८ चे निकाल फलंदाजांच्या क्रमांकानुसार वेगळे काढून दाखवावेत.

लहान वयाच्या मुलांसाठी मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ पासून ‘पिच स्मार्ट’ मर्यादा दिल्या आहेत: ११-१२ वर्षांना दिवसाला ८५ चेंडू, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. १५-१६ वर्षांच्या मुलाने ७६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. तेरा वर्षांपासून पुढे वर्षाला शंभर इनिंग्जच्या वर नाही, आणि पिचरने त्याच सामन्यात कॅचर व्हायचं नाही. या मर्यादा मोडल्या जातात त्या बहुतेकदा एका प्रशिक्षकाकडून नव्हे, तर मुलगा शाळेकडून, क्लबकडून आणि शोकेसमध्ये (निवडकर्त्यांसमोरच्या सामन्यांत) असा तीन ठिकाणी टाकतो आणि बेरीज कोणीच करत नाही म्हणून. ती वही आईवडिलांनी ठेवावी.

मोसम संपल्यावर व्यावसायिक पिचरने चार ते सहा आठवडे चेंडू हातात घेऊ नये. शाळकरी मुलाला वर्षात चार महिने सुट्टी हवी, त्यातले दोन-तीन सलग. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरमध्ये ६० फुटांवरून कॅच, दर आठवड्याला थोडं अंतर वाढवत १२० पर्यंत. जानेवारीच्या मध्यावर पहिलं बुलपेन, १५ चेंडू, फक्त फास्टबॉल. वेगाचा कार्यक्रम करायचाच असेल तर तो डिसेंबरमध्ये संपवावा. जानेवारीत वेग, अंतर आणि उंचवट्यावरून टाकणं तिन्ही एकदम वाढवले, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कोपर दुखायला लागतं, आणि मेजर लीगच्या त्या अहवालातही दुखापतींची मोठी गर्दी स्प्रिंग ट्रेनिंगमध्येच दिसते. तिथले सामने ३०, ४५, ६०, ७५, ८५ अशा पायऱ्यांनी न्यावेत. एखादी पायरी पाऊस किंवा सर्दीमुळे चुकली तर पुढची न घेता तीच पुन्हा घ्यावी, मग उद्घाटनाचा सामना चुकला तरी चालेल.